ऑर्डरच्या वहीत वस्तूचे नाव काय लिहायचे?

जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या लेकवुड येथील 'मास्टरपीस केकशॉप' या दुकानात दोन तरुण आणि त्यांच्यापैकी एकाची आई असे तिघे जण आले. त्या दोन तरुणांचे एकमेकांशी लग्न ठरले होते. कोलोरॅडोत तेव्हा समलिंगी विवाहाला मान्यता नसल्यामुळे लग्न मॅसॅच्युसेट्समध्ये लावायचे आणि घरच्यांसाठी व मित्रांसाठी समारंभ डेन्व्हरमध्ये करायचा असा त्यांचा बेत होता. आमच्या लग्नासाठी केक हवा आहे, एवढेच त्यांनी सांगितले. दुकानाचे मालक जॅक फिलिप्स यांनी उत्तर दिले की वाढदिवसाचा केक, कुकीज, ब्राउनी यांपैकी काहीही मी तुम्हाला देईन, पण समलिंगी लग्नासाठी केक मी करत नाही. केक किती थरांचा हवा, रंग कोणता, वर काही लिहायचे आहे की नाही, यातले काहीही बोलणे झाले नाही. तिघे निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्या आईने दुकानात फोन करून नकाराचे कारण विचारले, तेव्हा फिलिप्स यांनी आपली ख्रिस्ती श्रद्धा सांगितली आणि या राज्यात असे लग्न कायदेशीरही नाही याची आठवण करून दिली.

या काही मिनिटांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल लागायला ४ जून २०१८ उजाडला. गेले काही आठवडे मी हा आणि या जातीचे इतर निकाल मुळातून वाचतो आहे. वाचायला बसलो तेव्हा माझे मत एका ओळीचे होते: दुकान सर्वांसाठी उघडले की गिऱ्हाईक निवडायची सोय उरत नाही. ते मत मी सोडलेले नाही, पण ते एका ओळीत मावत नाही हे आता कळते. या सगळ्या वादाची खरी गाठ धर्मात नाही आणि लग्नातही नाही, असे मला वाटू लागले आहे. ती ऑर्डरच्या वहीत आहे. लेकवुडच्या त्या तरुणांची मागणी वहीत लिहून घ्यायचीच झाली असती, तर वस्तूचे नाव काय लिहिले असते? 'लग्नाचा केक', की 'समलिंगी लग्नाचा केक'? पहिले लिहिले तर फिलिप्स यांनी इतरांना रोज विकलेली वस्तू या दोघांना नाकारली, आणि दुसरे लिहिले तर त्यांनी कोणालाच न विकलेली वस्तू याही दोघांना विकली नाही. लिहिण्यातल्या एका शब्दाने भेदभाव होतो किंवा होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फिलिप्स यांच्या बाजूने ७ विरुद्ध २ असा कौल दिला, पण या प्रश्नाला हात न लावता. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचा सगळा भर, त्या जोडप्याच्या तक्रारीवर फिलिप्स यांच्या विरोधात निर्णय देणाऱ्या कोलोरॅडोच्या नागरी हक्क आयोगाच्या वागणुकीवर होता. आयोगाच्या एका सदस्याने जाहीर सुनावणीत गुलामगिरी आणि ज्यूंचा वंशसंहार यांचा दाखला देऊन म्हटले होते की दुसऱ्यांना इजा करण्यासाठी धर्माचा आधार घेणे हा अत्यंत तिरस्करणीय युक्तिवाद आहे. न्याय देण्यासाठी बसलेल्या माणसाने समोरच्या पक्षकाराच्या श्रद्धेविषयी असे बोलावे हे न्यायालयाला खटकले, आणि ते खटकायलाच हवे होते. पण त्यामुळे त्या निकालातून दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला किंवा ग्राहकाला फारसे काही शिकता आले नाही. कोणीही सभ्यपणे बोलणारा आयोग असता तर काय झाले असते, हे निकाल सांगत नाही.

वहीचा प्रश्न आला तो जोडीला लिहिलेल्या स्वतंत्र सहमतीच्या मतांत, आणि मला विचाराल तर मुख्य निकालापेक्षा तीच पाने जास्त वाचनीय आहेत. घडले असे होते की हा खटला चालू असताना एक गृहस्थ कोलोरॅडोतल्या तीन बेकऱ्यांत गेले आणि त्यांनी समलिंगी विवाहाचा निषेध करणारी, बायबलमधली वचने असलेले केक मागितले. तिन्ही बेकऱ्यांनी नकार दिला आणि आयोगाने त्यात भेदभाव नाही असे ठरवले. मग फिलिप्स यांनाच वेगळा न्याय का, असा साहजिक प्रश्न उभा राहिला. न्यायमूर्ती केगन यांनी उत्तर दिले की त्या तीन बेकऱ्यांनी तो केक कोणत्याच ग्राहकाला करून दिला नसता, तर फिलिप्स यांच्याकडे मागितलेला केक हा नुसता लग्नाचा केक होता, जो ते एरवी कोणालाही करून देत. न्यायमूर्ती गोर्सच यांनी नेमके इथेच बोट ठेवले. वस्तूचे वर्णन किती तपशिलाने करायचे हे तुम्ही आधी ठरवता आणि मग त्याच वर्णनाच्या आधारे निकाल देता, असा त्यांचा आक्षेप होता. तपशील कमीच करायचा तर दोन्ही बाजूंना नुसता 'केक' म्हणा, पीठ आणि अंडी. आणि वाढवायचा तर दोन्हीकडे सारखा वाढवा.

हा आक्षेप चतुर आहे, आणि पहिल्या वाचनात मी त्याला बळी पडलो हे कबूल करतो. पण तो किती टिकतो हे पाहायचे तर बेलफास्टला जावे लागते.

तिथल्या ॲशर्स बेकरीची हकिकत २०१४ च्या मे महिन्यातली आहे. बेकरीचे नाव बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या एका वचनावरून घेतलेले, यावरून मालकांच्या श्रद्धेची कल्पना यावी. ग्राहकाने दिलेले चित्र किंवा मजकूर केकवर आयसिंगने काढून द्यायची सोय तिथे होती. एका ग्राहकाने या सोयीप्रमाणे ऑर्डर दिली: लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या बर्ट आणि अर्नी या बाहुल्यांचे चित्र आणि वर 'समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या' अशा अर्थाची इंग्रजी घोषणा. काउंटरवर ऑर्डर घेतली गेली, ३६.५० पौंड भरले, पावती मिळाली. शनिवार-रविवारचा विचार झाल्यावर सोमवारी मालकीणबाईंचा फोन आला की आम्हाला हा केक करता येणार नाही. पैसे परत करतो. पैसे परत मिळाले. कनिष्ठ न्यायालयाने २०१५ मध्ये बेकरीला ५०० पौंडांची भरपाई द्यायला लावली, अपील न्यायालयाने ते कायम केले, आणि १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने ते फिरवले.

निकाल लेडी हेल यांनी लिहिला आहे आणि त्यातला विचार अगदी साधा आहे. ग्राहक समलिंगी आहे की नाही हे बेकरीला ठाऊक नव्हते आणि त्याने काही बिघडलेही नसते. हीच घोषणा एखाद्या भिन्नलिंगी माणसाने मागितली असती तरी उत्तर नाही असेच आले असते. हरकत मजकुराला होती, माणसाला नव्हती. स्वतःला न पटणारे मत आपल्या हाताने उमटवायला माणसाला भाग पाडता येत नाही, मग तो हात आयसिंगचा का असेना. वंश, लिंग, अपंगत्व किंवा लैंगिक कल यांमुळे एखाद्याला सेवा नाकारणे हा त्याच्या माणूसपणाचा अपमान आहे, हेही लेडी हेल यांनी तिथेच ठणकावून सांगितले आहे. फक्त या प्रकरणात तसे घडलेले नाही, इतकेच त्यांचे म्हणणे. निकालाच्या शेवटी त्यांनी चारच महिन्यांपूर्वीच्या लेकवुडच्या खटल्याचा उल्लेख करून हाच फरक पुन्हा मांडला. इथे वहीत काय लिहायचे याविषयी वाद होऊच शकत नव्हता, कारण ते ग्राहकाने स्वतःच लिहून दिले होते.

म्हणजे गोर्सच यांना उत्तर देता येते. लेकवुडच्या केकवर शब्द नव्हते, कारण केकची चर्चाच झाली नव्हती. त्या खटल्याच्या कागदपत्रांत एक बारीकसा तपशील आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही: याच दुकानाने आधी दोन स्त्रियांच्या अशाच समारंभासाठी साधे कपकेक विकायलाही नकार दिला होता. कपकेकमध्ये कारागिराचे कोणते मत उमटते? काचेच्या कपाटात उजवीकडून तिसऱ्या ओळीत ठेवलेली वस्तू, जी सकाळपासून दहा जणांनी नेली, ती अकराव्याने कुठे नेऊन खाल्ली यावरून वेगळी वस्तू होत नाही. कपकेकची गोष्ट वाचल्यानंतर 'हा कलाकाराच्या मनाचा प्रश्न आहे' या युक्तिवादावरचा माझा विश्वास बराच ओसरला.

वस्तूचे नाव स्वतःच्या सोयीने ठेवून सुटका होत नाही, हे ब्रिटनच्याच न्यायालयाने ॲशर्सच्या निकालाच्या पाच वर्षे आधी दाखवले होते. कॉर्नवॉलमधल्या मराझियन गावात एक ख्रिस्ती दांपत्य आपल्या राहत्या घरात छोटे हॉटेल चालवत होते. डबल बेडची खोली फक्त विवाहित जोडप्यांना, असा त्यांचा नियम होता, आणि तो ते लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनाही लावत. सप्टेंबर २००८ मध्ये दोन पुरुष तिथे आले, जे कायद्याने सिव्हिल पार्टनर, म्हणजे विवाहासारख्या नात्याची नोंदणी केलेले जोडीदार होते. त्यांना खोली मिळाली नाही. मालकांचे म्हणणे असे की आम्ही समलिंगी माणसांना नाही म्हटलेले नाही. आम्ही अविवाहितांना नाही म्हटले. पण लग्न करण्याची मुभाच त्या काळात ज्यांना नव्हती, त्यांना 'विवाहित नाही' म्हणून नाकारण्याचा अर्थ काय होतो? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बेकायदा भेदभाव ठरवला. तो प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष यावर न्यायमूर्तींत ३ विरुद्ध २ असा मतभेद झाला, पण दोघा पाहुण्यांना मिळालेली प्रत्येकी १,८०० पौंडांची भरपाई कायम राहिली. अमेरिकेचे न्यायमूर्ती स्कालिया यांनी १९९३ मध्ये एका वेगळ्याच विषयात लिहिलेले एक वाक्य अशा प्रकरणांत वारंवार उद्धृत होते: यार्मुल्का (ज्यूंची छोटी गोल टोपी) घालण्यावरचा कर हा ज्यूंवरचा कर असतो. समलिंगी लग्न हे कोण करते, हे सांगायला पंडित लागत नाही.

अमेरिकेत हा वाद धर्मस्वातंत्र्याचे नाव घेऊन सुरू होतो आणि न्यायालयात पोहोचेपर्यंत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होतो, याचे एक कारण आहे. १९९० मध्ये पेयोटी या नशा आणणाऱ्या वनस्पतीच्या धार्मिक सेवनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सर्वांना सारखा लागू असणारा आणि कोणत्याही धर्माला लक्ष्य न करणारा कायदा श्रद्धेचे कारण सांगून टाळता येत नाही. ती वाट अशी अरुंद झाल्यावर वकिलांनी दुसरी वाट धरली: माझे अशील केक विकत नाहीत, ते केकमधून बोलतात. त्याआधीची वाट तर केव्हाच बंद झाली होती. साउथ कॅरोलिनातल्या 'पिगी पार्क' या उपाहारगृहांच्या मालकाने कृष्णवर्णीयांना आत बसवणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे असे सांगितले होते, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव एका तळटीपेत 'उघडपणे पोरकट' या अर्थाच्या शब्दांत निकालात काढला. पिगी पार्कचे उदाहरण प्रत्येक वादात फेकले जाते आणि ते कायद्याच्या दृष्टीने योग्यही आहे, पण ते तोंडावर मारून समोरच्याला गप्प करण्याची सवय मला आवडत नाही. शिवाय एक फरक आहेच: १९६४ चा केंद्रीय कायदा दुकाने आणि उपाहारगृहांत वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला मनाई करतो, त्यात लैंगिक कलाचा उल्लेख नाही. त्यामुळे समलिंगी ग्राहकाला संरक्षण आहे की नाही हे तो कोणत्या राज्यात उभा आहे यावर ठरते. कोलोरॅडोने आपल्या कायद्यात ही भर २००८ मध्ये घातली.

या सगळ्या वाचनात ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त छळले ते वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंड येथील 'आर्लीन्स फ्लॉवर्स' या फुलांच्या दुकानाचे आहे. दुकानाच्या वयस्कर मालकीणबाई आणि त्यांचा एक समलिंगी ग्राहक यांची सुमारे नऊ वर्षांची ओळख होती. तो आणि त्याचा जोडीदार यांच्यासाठी त्यांनी या वर्षांत कितीतरी वेळा फुले सजवून दिली होती आणि ती कोणासाठी आहेत हे त्यांना माहीत होते. १ मार्च २०१३ रोजी तो आपल्या लग्नाच्या फुलांविषयी बोलायला आला, तेव्हा बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि येशू ख्रिस्ताशी असलेल्या आपल्या नात्यामुळे हे काम करता येणार नाही असे सांगितले. फुले कोणती हवीत हे सांगायला त्याला अवसरच मिळाला नाही. बाईंनी इतर फूलवाल्यांची नावे दिली, दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि तो गेला. मोठा समारंभ करण्याचा विचार त्या दोघांनी सोडून दिला आणि अकरा पाहुण्यांच्या उपस्थितीत घरीच लग्न केले.

या प्रसंगात मला कुठेही द्वेष दिसत नाही, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. भेदभाव करणारा माणूस दुष्टच असतो असे गृहीत धरले की कायद्याचे काम फार सोपे होते. इथे ते सोपे नाही. पण निकालपत्रात पुढे एक कबुली येते. साक्षीत बाईंना विचारले होते की मुसलमान जोडप्याच्या लग्नाला फुले दिली तर तुम्ही इस्लामचे समर्थन केले असे होईल का, आणि निरीश्वरवाद्यांच्या लग्नाला दिली तर निरीश्वरवादाचे? नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मग याच एका लग्नात फुले का बोलू लागतात? त्या प्रामाणिक उत्तरानेच त्यांचा दावा पोकळ केला, असे मला वाटते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये एकमताने त्यांच्या विरोधात निर्णय दिला. दंड १,००० डॉलरचा होता. खरी धास्ती वकिलांच्या खर्चाची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अपील ऐकायला नकार दिल्यावर तडजोड झाली, बाईंनी त्या जोडप्याला ५,००० डॉलर दिले आणि त्या व्यवसायातून निवृत्त झाल्या. नऊ वर्षांच्या ओळखीचे काय झाले हे निकालपत्रात नसते.

मग आला ३० जून २०२३ चा '३०३ क्रिएटिव्ह' चा निकाल, ज्याची दोन्ही बाजू वाट पाहत होत्या. पुन्हा कोलोरॅडोच, या वेळी वेबसाइट तयार करणाऱ्या एक बाई, ज्यांना लग्नाच्या वेबसाइटचे काम सुरू करायचे होते पण समलिंगी लग्नांसाठी ते करायचे नव्हते. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दावा मान्य केला. निकाल लिहिला गोर्सच यांनीच. माझी तक्रार निकाल कोणाच्या बाजूने गेला याविषयी कमी आहे आणि कशावर उभा आहे याविषयी जास्त. या बाईंनी तोवर लग्नाची एकही वेबसाइट केलेली नव्हती. ग्राहक नाही, ऑर्डर नाही, वहीच कोरी. शिवाय त्यांचे काम मुळात अभिव्यक्तीचे आहे आणि प्रत्येक वेबसाइट नव्याने घडवलेली असते, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी आधीच लेखी मान्य करून टाकली होती. ज्यावर खरा वाद व्हायचा, तेच गृहीत धरून निकाल लागला. कोणते काम बोलणे आणि कोणते काम नुसते काम, याची कसोटी न्यायालयाने दिलीच नाही.

न्यायमूर्ती सोटोमायर यांच्या विरोधी मतात मात्र मला हवे होते ते वाक्य सापडले. लग्न हे एक पुरुष आणि एक स्त्री यांचेच असते, असे सांगणारी बायबलची वचने या कंपनीने आपल्या प्रत्येक वेबसाइटवर खुशाल घालावीत, असे त्या म्हणतात; अट एवढीच की जी वस्तू विकायची ती मागणाऱ्या प्रत्येकाला विकावी. ॲशर्सचा निकाल आणि हे मत मला एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. माल काय असेल ते दुकानदाराने ठरवावे, त्यात श्रद्धेलाही पूर्ण वाव असावा. पण मालाचे नाव एकदा ठरले की त्या नावात ग्राहकाची ओळख मिसळू नये. नाव, तारीख आणि ठिकाण एवढाच बदल करून जी वेबसाइट दुसऱ्या जोडप्याला दिली असती, ती वेगळी वस्तू नव्हे.

या कसोटीवर मी इतका ठाम आहे असे वाटत असेल, तर न्यू मेक्सिकोतल्या छायाचित्रकार बाई माझी झोप उडवतात. २००६ मध्ये एका स्त्रीने ईमेलने विचारले की माझ्या आणि माझ्या जोडीदारणीच्या समारंभाचे फोटो काढाल का, आणि उत्तर आले की आम्ही समलिंगी समारंभाचे फोटो काढत नाही. मग त्या जोडीदारणीने, तपशील न सांगता, लग्नाचे फोटो काढाल का असे विचारले, तर लगोलग दरपत्रक आले. म्हणजे वहीत काय लिहायचे हे इथे खुद्द दुकानानेच दोनदा, दोन प्रकारे लिहून दाखवले, आणि २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने छायाचित्रकारांच्या विरोधात दिलेला निकाल माझ्या कसोटीत चपखल बसतो. आमचा या लग्नांना विरोध आहे पण आम्ही कायदा पाळतो, अशी पाटी खुशाल लावा, असेही त्या न्यायालयाने सुचवले होते. तरीही केक दुकानात होतो आणि दारातून बाहेर जातो, तसे फोटोंचे नसते. छायाचित्रकार समारंभात दिवसभर वावरतो, जोडप्याला हसायला सांगतो, कोणता क्षण टिपायचा हे स्वतः निवडतो. जे आपल्याला पाप वाटते त्याच्या समोर उभे राहून त्यातली सुंदर बाजू शोधत राहायला एखाद्याला भाग पाडणे, ही कपकेक विकण्याच्या सक्तीपेक्षा मोठी मागणी आहे. २०२३ नंतर न्यू मेक्सिकोचा तो निकाल आज पुन्हा तसाच लागेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्यापुरते विचाराल तर मी अजूनही त्या जोडप्याच्याच बाजूने कौल देईन, कारण ते दरपत्रक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या जोडप्याने भरपाई मागितलीच नव्हती. वकिलाच्या खर्चाचे ६,६३७.९४ डॉलर देण्याचा आदेश झाला होता, आणि तेही पुढे त्यांनी सोडून दिले.